साखळी प्रार्थनेतलं भांडण

देवाला मध्ये घालून मी माझ्या थोरल्या जावेशी पाच महिने भांडले. समोरासमोर एक शब्द नाही. जे काय व्हायचं ते डोळे मिटून, हात जोडून.

भांडण शिलाई मशीनचं. सासूबाईंची पायमशीन होती. त्यांच्याच हाताखाली मी शिवायला शिकले. माझी टीप बघून त्या म्हणायच्या, "माझ्यामागं ही तुझीच गं." पण शेवटी त्या इंदापूरला, थोरल्या दिरांच्या घरी होत्या. तिथंच वारल्या आणि मशीन तिथंच राहिली. जावेला सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी घाम फुटतो. तिनं मशीनवर भरतकामाचं कापड टाकलं आणि वर टीव्ही ठेवला. टीव्ही! मी बारामतीत हातानं काजं करत बसलेय आणि माझ्या मशीनवर टीव्ही. आमच्या घरचे म्हणाले, "नवी घेऊ की, एवढं काय त्यात?" त्यांना काय सांगणार, कपाळ! मला नवी नको होती. सासूबाईंनी शब्द दिलेला होता.

ही नव्वदनंतरची गोष्ट. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची सभा महिन्यातून एका शनिवारी भरायची, एकदा बारामतीत, एकदा इंदापुरात. दहा-बारा बायका सतरंजीवर गोल बसायच्या. शेवटी साखळी प्रार्थना व्हायची. एकीची संपली की शेजारणीनं धरायची, असं फिरत फिरत जायचं. त्यात कुणी कुणाला अडवत नाही. बोलणं देवाशी चाललेलं, मध्ये तोंड घालणार कोण? वर प्रत्येकीच्या प्रार्थनेला सगळ्यांनी आमेन म्हणायचं. ही सोय माझ्या ध्यानात आली आणि माझी बुद्धी फिरली.

पहिल्याच सभेत मी सुरू केलं, "दयाळू पित्या, शास्त्रातल्या गोष्टीतला, मालकानं दिलेलं धन जमिनीत पुरून ठेवणारा तो चाकर आमच्यात कुणी असेल, तर त्याचं मन उघड. कुणाच्या घरी तुझं दान नुसतं झाकून पडलं असेल, तर ते गरजू बायकांच्या कामी येऊ दे. मला तू शिवणाची कला दिलीस. ती गरिबाघरच्या लेकीसुनांना शिकवायची माझी इच्छा तुला ठाऊक आहे." असली कसली इच्छा मला नव्हती. बोलता बोलता सुचली आणि बरी वाटली म्हणून ठोकून दिली. सगळ्या म्हणाल्या, आमेन. जावेलाही म्हणावं लागलं. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

तिची पाळी आली. सभेत तीही पुस्तकी बोलायची. "हे प्रभू, शेजाऱ्याचा बैल, शेजाऱ्याचं गाढव, कशाचाही लोभ धरू नये अशी तुझी आज्ञा आहे." गाढव म्हणताना ती जरा जास्तच थांबली. आणि मला आमेन म्हणावं लागलं.

असं चार सभांत चाललं. बायका एक डोळा किलकिला करून बघायच्या. मजा वाटायची त्यांना, माझी मात्र पार वाट लागली. घरी एकटी गुडघे टेकून बसले तरी प्रार्थना होईना. "हे पित्या" म्हणायचं आणि लगेच जावेला काय सुनवायचं ते मन जुळवायला लागायचं. जेवणाआधी डोळे मिटले तरी तेच. भाकरी निवून जायची. लहानपणापासून ज्याच्याशी बोलत आले, त्याच्याशी दोन वाक्यं सरळ बोलता येईनात. मला मनातून भीती वाटायला लागली होती.

चौथ्या सभेनंतर पाळकसाहेबांच्या बायकोनं मला एसटी स्टँडवर गाठलं. म्हणाल्या, "तुम्ही दोघी पुढच्या सभेच्या आत बोलला नाहीत, तर मी साखळी बंद करते. नुसती गाणी म्हणू आणि चहा पिऊ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी ठरवलं, मशीन घरी आणायची. एकदा ती घरात आली की मन शांत होईल आणि प्रार्थनाही होईल. कोऱ्हाळ्याचे एक तात्या टेम्पोतून इंदापूरला भाजी टाकायचे आणि परतताना रिकामे यायचे. पाचव्या महिन्यात, सभेच्या आदल्या शनिवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत होते. तात्या म्हणाले, "बाई, काय भांडायला चाललाय का काय?" मी म्हटलं, "तुम्ही पुढं बघा."

कितीतरी महिन्यांनी जावेची पायरी चढले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "वहिनी, मशीन न्यायला आलेय," म्हणाले आणि टीव्हीखालच्या कापडाची लोंबती कड सरळ वर उचलली.

खाली पत्र्याची पेटी होती.

"दिली," जाऊ म्हणाली. "मागल्या गल्लीत एक बाई हाय. मेंढरं इकली त्यांनी. नवरा ट्रकवर, म्हयनं-म्हयनं फिरकत न्हाय. तिला दिली."

"कधी?"

"तुझ्या पयल्या प्रार्थनेनंतर. घरी आले आन् घास उतरंना. दान झाकून ठिवलंय म्हणलीस, ते खरंच हुतं की. दुसऱ्या दिशी दिली."

माझं डोकंच तडकलं. "आणि मी चार महिने बोंबलतेय! मला का नाही दिली? मला सांगितलंसुद्धा नाही!"

ती पेटीवरचं कापड नीट करत राहिली. मग म्हणाली, "तुला द्यायची म्हणूनच पयल्यांदा उचलायला गेले. पर झालं न्हाय माझ्याच्यानं. परक्या बाईला देताना काय वाटलं न्हाय. तुला देताना हात आकडला. तितकी मोठी न्हाय गं मी अजून."

असं तोंडावर मला आजवर कुणी बोललं नव्हतं.

"आन् आता आलीच हाईस तर जा तिच्याकडं," ती म्हणाली. "तिला शिवता येत न्हाय. चार म्हयनं चिंध्यांवर सरळ टीप मारतीया, ती बी वाकडी. तूच म्हणली हुतीस नव्हं देवाला, शिकवीन म्हणून?"

ती टोमणा मारत नव्हती. तिनं ते खरं धरलं होतं! मी रागानं लाल. आलेय मशीन न्यायला आणि ही बया मलाच कामाला लावतेय! पण अकरा बायकांसमोर देवाला सांगितलेलं आता नाकारू कसं? पाय आपटत मी मागल्या गल्लीत गेले. तात्या टेम्पो घेऊन मागोमाग आले.

एका खोलीचं घर होतं. दारातच मशीन, आणि मशीनपुढं ती बाई, माझ्याहून लहान. तिनं माझ्याकडं पाहिलं, मागच्या रिकाम्या टेम्पोकडं पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. मशीनवर तिनं दोन्ही हात ठेवले होते. आवाज न चढवता तिनं विचारलं, "न्यायला आलात व्हय?"

माझी मशीन होती ती. सासूबाईंच्या हातानं झिजलेलं चाक मला दिसत होतं. मला ती अजूनही हवी होती, आत्ताच्या आत्ता हवी होती.

"नाही," मी म्हणाले. "शिकवायला आलेय."

धडधडीत खोटं बोलले. आणि ते खरं करायला पुढची दोन वर्षं दर शनिवारी मला, कुरकुर करत का होईना, इंदापूरची एसटी धरावी लागली.