दोरा बांधलेलं वांगं

आपल्या मातीत पिकलेल्या भाजीची चव जिभेला आपोआप कळते, असं मी बरीच वर्षं मानत आलो. नांदेड-लातूर एसटीत शेजारच्या गृहस्थांनी डबा उघडेपर्यंत त्यात काही अडचणही आली नव्हती.

डब्यात दोन भरली वांगी होती. एक त्यांच्या परसातलं, दुसरं बाजारचं. घरच्या वांग्याच्या देठाला बायकोनं दोरा बांधला होता, पण मसाल्यात तो दिसत नव्हता. परक्या माणसानं चवीवरून घरचं वांगं ओळखलं तर परसातले वाफे राहतील, नाहीतर तिथं फरशी बसेल, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. वाफे त्यांच्या हौसेचे, फरशी बायकोला हवी होती.

"निवांत खा, साहेब. घाई न्हाई," ते म्हणाले आणि माझ्या जबड्याकडे बघत राहिले.

मी दोन्हींचा टोकाकडून एकेक घास घेतला, डोळे मिटले आणि एकावर बोट ठेवलं. "हे घरचं. मातीचा गोडवा आहे."

त्यांनी देठ चाचपला. दोरा नव्हता. मग त्यांनी शांतपणे दुसऱ्या वांग्याचा दोरा सोडला, माझ्या वांग्याच्या देठाला गुंडाळला आणि बायकोला फोन लावून माझ्या हातात दिला.

"ताई, मी घरचं वांगं ओळखलं," मी म्हणालो. "दोरा निघाला."

"कडू लागलं का?"

"छे, गोड होतं."

"मग ते बाजारचं हाय," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, फरशी न्हाई घालत. पण पुढच्या बारीला मेथी लावा."