सासूबाईंच्या पानांवरचा पहारा

सासूबाई गेल्या, त्या वर्षी मी त्यांच्यावर लिहायला घेतलं. आलापल्लीच्या वनखात्याच्या क्वार्टरमध्ये, पोरांच्या अभ्यासासाठी आणलेल्या कॉम्प्युटरवर, शाळेत शिकवून आल्यावर मिळेल त्या वेळात. बाई फटकळ होत्या. माझी भाजी, माझी चाल, माझं माहेर, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं त्यांनी, आणि लिहिताना मीही हात आखडता घेतला नाही. पण नवरा त्यांचा एकुलता एक लेक. आईचा विषय निघाला की अजून तो भरल्या ताटावरून उठायचा. त्याच्या हाती ही पानं लागू नयेत म्हणून मी फोल्डरला ‘उन्हाळी वाळवण’ असं नाव दिलं. पापड-कुरड्यांत त्याला खाण्यापलीकडे रस नव्हता.

मग कॉम्प्युटरच बिघडला. मराठी टायपिंगचं काहीतरी फुकटचं मी उतरवून घेतलं होतं. त्यानंतर जाहिराती आपोआप उघडू लागल्या आणि यंत्र रडतखडत चालू लागलं. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की हे स्पायवेअर असणार, आपण जे टाइप करतो ते गुपचूप बाहेर पाठवतं. आमच्या स्वयंपाकघरातली भांडणं कुठल्या देशात कोण वाचत बसलंय, कोण जाणे. लिहिणं ठप्प झालं.

नवऱ्याला सांगितलं, फोल्डरबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. तो वनरक्षक. आपल्या बीटात, म्हणजे वाट्याला आलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप लावायचे, वाघांचे फोटो गोळा करायचे, हे त्याचं काम. त्यामुळे पाळत हा विषय आपलाच, असं त्याचं ठाम मत. रविवारी खुर्चीत ठाण मांडून बसला आणि तीन अँटी-स्पायवेअर एकदमच टाकून मोकळा झाला. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रानडुकरं शिरू नयेत म्हणून आमच्याकडे दोन-तीन मचाणांवर माणसं बसतात आणि एकमेकांना हाका देत राहतात, तसाच त्याचा हिशेब. इथे मात्र पहिल्यानं दुसऱ्याला चोर ठरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला कोंडून ठेवलं, आणि या धुमश्चक्रीत माउसचा बाण जागचा हलेना. मी हसत सुटले. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “एका बीटवर एकच गार्ड पायजे. मलेच समजाले पायजे होतं.”

आता तिन्हीतलं एक ठेवायचं. त्याचा ओढा सगळ्यात बडबड्याकडे. ते उठताबसता काहीतरी पकडल्याची लाल पाटी झळकवायचं, आणि काम करून राह्यलं हे दिसते तरी, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, ते आपलं काय काय पाहते? मग आम्ही अटी वाचायला बसलो. बडबड्याला आम्ही कुठल्या साइटवर जातो ते हवं होतं, जाहिराती दाखवायला. दुसरं संशय आलेली फाईल परस्पर कंपनीकडे धाडणार होतं. चोर पकडायला आलेल्या शिपायानं माझी पेटी का उचकावी, म्हणून मी अडून बसले.

त्याला हे चटकन पटलं, आणि त्यामागे कारण आहे. चंद्रपूरकडच्या माझ्या माहेरी मोहाची फुलं वेचायला जायच्या वाटेवर एकदा कॅमेरा ट्रॅप लागला होता. बायांनी त्यावर पळसाच्या पानांचा द्रोण बांधून टाकला. चौकशीला आलेल्या तरुण वनरक्षकाला माझ्या मामीनं सगळ्यांसमोर विचारलं, “भाऊ, वाघाले मोजा ना. आमचे फोटो काऊन काढता?” त्यानं तिथल्या तिथे कॅमेरा सोडवून नाल्यापलीकडे हलवला. पुढे त्याच्याच घरून मला स्थळ आलं, तेव्हा पहिला होकार मामीचा होता.

तर तिसरं ठेवलं. दिसायला साधं, विचारल्याशिवाय काही बाहेर न पाठवणारं. बाकीची दोन काढली, यंत्र बंद करून चालू केलं आणि पूर्ण तपासणी लावली. चोर लगेच सापडला. माझं फुकटचं टायपिंगच निघालं. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच पडद्यावर तपासलेल्या फायलींची नावं सरकू लागली. उन्हाळी वाळवण, सासूबाई आणि मी. उन्हाळी वाळवण, सासूबाईंचे टोमणे. फोल्डरला खोटं नाव देताना आतल्या फायलींना मात्र मी खरीच नावं दिली होती.

त्यानं वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. उठला, खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून बसला.

“होऊ दे तपासणी,” म्हणाला. “मी पाहून नाई राह्यलो.”

त्याच्या त्या पाठीकडे बघून मला भरून आलं. कुणापासून लपवत होते मी? तपासणी संपल्यावर मी ‘सासूबाई आणि मी’ उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. लग्नानंतर मी पहिल्यांदा उंबरठा ओलांडला, तेव्हा शेजारणींच्या देखत सासूबाई काय बोलल्या, तिथूनच सुरुवात होती. वाचता वाचता त्याचे खांदे हलताना दिसले. हसतोय की रडतोय कळेना. मी घाबरून थांबले.

“थांबली काऊन?” तो तसाच पाठमोरा म्हणाला. “हे तर कमी हाय. तू आत गेल्यावर माय याच्याहून खराब बोलली होती. तुले लागन मनून मी आजवर सांगतलं नाई.”

मग त्यानं खुर्ची माझ्याकडे फिरवली, डोळे पुसले आणि म्हणाला, “घे, लिव.”