सात म्हणजे घर बंद

"मग असं लिही," साहेब म्हणाले, "घर होतं, माणसं नव्हती."

सगळी खोली हसली.

आठ टेबलं होती त्या खोलीत. शेजारच्या टेबलावरच्या मालतीबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. दारातला शिपाईसुद्धा हसला. मी साहेबांच्या टेबलापुढे उभी होते. हातात एक फॉर्म होता आणि त्या फॉर्मवर माझ्या बापाचं नाव होतं. मी हसले नाही, रडलेही नाही. रडले असते तर त्यांना दया तरी आली असती, असं पुढे काही दिवस वाटायचं. आता वाटत नाही.

झालं काय, ते सांगते.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. नाशिकला एका पाहणीच्या ऑफिसात मी कामाला होते. गोदाकाठच्या गावांत आई-मुलांच्या तब्येतीची पाहणी चालली होती. घरात पाणी कुठलं, कोण बाहेरगावाहून येऊन राहिलं, कोण कामासाठी गाव सोडून गेलं, मुलं किती झाली, किती राहिली. अन्वेषक गावोगाव हिंडून फॉर्म भरून आणायचे. आम्ही टेबलावर बसून प्रत्येक उत्तराला आकडा द्यायचो. विहीर एक, नळ दोन, नदी तीन. मग बेरजा, सरासऱ्या, तक्ते. त्या तक्त्यांवरून ठरणार होतं, नर्सबाईंचं उपकेंद्र कुठल्या गावाला द्यायचं आणि नळ कुठल्या वस्तीत न्यायचा. आकड्यांत एवढी ताकद असते, हे मला तिथंच कळलं.

मी बौद्ध. सायखेड्याकडचं आमचं खेडं, नदीच्या अंगाला वस्ती. बाप एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर ठेकेदाराकडे कोळसा उपसायला. वस्तीतली बी.ए. झालेली पहिली मुलगी मी. त्यात संख्याशास्त्र घेतलेलं, म्हणून ही नोकरी लागली. नोकरी कसली, तीन महिन्यांची ऑर्डर. ती संपली की साहेब पुढच्या तीन महिन्यांची सही करणार. केली तर केली.

मालतीबाईंना साहेब "अहो" म्हणायचे, मला "ए पोरी". मालतीबाई माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. बेरजेत माझा हात सगळ्यांत जलद होता आणि चूक सापडायची नाही. बाहेरचं कुणी आलं की साहेब मला दाखवायचे. "ही बघा, त्यांच्यातली असून हात कसा चालतो." मी मान खाली घालून हसायचे. खोटं कशाला सांगू, मला ते कौतुक वाटायचं. घरी जाऊन आईला सांगायचे.

आता सातचा आकडा. गावातलं दर दहावं घर पाहणीत यायचं. ते बंद असलं तर अन्वेषकाने तीनदा जायचं. तिसऱ्यांदाही बंद असलं तर फॉर्मवर "घर बंद" लिहून यादीतलं दुसरं घर घ्यायचं. अशा बंद घराला आम्ही सात टाकायचो आणि फॉर्म बाजूला ठेवायचो. क्षणाचं काम. असे किती सात मी टाकले असतील, मोजले नाहीत. मोजायची नोकरी करत होते आणि तेवढेच मोजले नाहीत.

एके दिवशी आमच्याच गावाचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. मला गंमत वाटली. ओळखीची नावं, ओळखीची घरं. कुणाकडे किती म्हशी, हेसुद्धा ठाऊक. अगदी शेवटच्या फॉर्मवर बापाचं नाव होतं. खाली अन्वेषकाच्या वळणदार अक्षरात, घर बंद. तीन भेटी, तीन तारखा.

आधी डोक्यात आलं, आमच्या दाराला कुलूप आहे कुठं? कडी होती आणि कडीत लाकडाची खुंटी. मग तिसरी तारीख वाचली आणि हात थांबला.

ती तारीख मी विसरणं शक्य नव्हतं. तिच्या आदल्या दिवशी आक्काचं बाळ गेलं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. नऊ दिवसांचं बाळ. त्याला जुलाब लागले. नर्सबाई तीन कोसांवर. आई त्याला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून तरातरा निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे फॉर्मवरच्या त्या तारखेला, आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी वस्ती येऊन बसली होती. मी रजा टाकून घरीच होते. आणि कागद म्हणत होता, घर बंद.

मी दुसऱ्या गावांचे गठ्ठे काढले. सातवाले फॉर्म वेगळे केले. बघते तर बहुतेक सगळे गावाच्या शेवटच्या नंबरांचे. खेड्यात घरांना नंबर पडतात ते चावडीपासून, नाहीतर देवळापासून. शेवटचे नंबर कुणाचे, हे मला कुणी शिकवायला नको. मालतीबाईंना नसतं कळलं, समजू शकते. मला महिनोन्‌महिने कळलं नाही, याला काय म्हणू? माझ्याच हाताने मी माझ्या माणसांना बाजूच्या ढिगात टाकत होते, आणि तेही जलद.

आमच्या घराच्या बदल्यात कुठलं घर घेतलं, तेही पाहिलं. वरच्या आळीतलं. स्वतःची विहीर, एक मूल, जिवंत. आक्काच्या बाळाच्या जागी दुसऱ्याचं गुटगुटीत बाळ बसवलं होतं.

आमच्या भागाचे अन्वेषक वसंतराव. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. पोटात पाप नव्हतं. जेवायच्या सुट्टीत आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला आवर्जून द्यायचे. माझ्या डब्यातलं त्यांनी कधी घेतलं नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेले. विचारलं, तुम्ही आमच्या वस्तीत गेला होता का?

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"हे बघ, रागावू नकोस. तुमचे लोक चहा ठेवतात गं. दारात उभं राहिलं की आधी चहा. नाही म्हणवत नाही आणि घेववतही नाही. उगाच कुणाचा अपमान कशाला करायचा? म्हणून मी तिकडे जातच नाही."

शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. हा माणूस आमचा मान राखत होता! मान राखायचा म्हणून चावडीत बसून, सरपंचाचा चहा पीत, आमच्या दारांना कागदावर कुलपं ठोकत होता. आमची बाई घरात असेल नसेल ती साखर काढून आल्यागेल्याला चहा टाकते. त्या कपापायी आम्ही जगाच्या हिशेबातून उठलो. माझे कान तापले. मी सरळ साहेबांच्या टेबलाकडे गेले.

"साहेब, हे घर बंद नव्हतं."

"पर्यायी घर घेतलंय ना? मग झालं. सरासरीला काय फरक पडतो? सरासरीला जात नसते, पोरी."

"सरासरीला नसते साहेब. घर गाळणाऱ्याला असते."

पेनं थांबली. साहेबांनी चष्मा काढला.

"तुम्ही लोक कामावर गेला असाल कुठंतरी."

"नाही साहेब. घर उघडं होतं."

"मग असं लिही. घर होतं, माणसं नव्हती."

बाळाचं मी काढलंच नाही. त्या हसणाऱ्या खोलीत ते तोंडातून निघेना. साहेब पुढे म्हणाले, "तुला बेरजेला घेतलंय. डोकं चालवायला आम्ही आहोत. जा, सात टाक."

मी टेबलावर येऊन बसले. आणि सात टाकला. हो, टाकला. ऑर्डर संपायला चार दिवस होते. बाप खोकून खोकून वाकलेला, घर माझ्यावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या आकड्याची शाई वाळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होते.

रविवारी घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"आपलं दार बंद व्हतं?" ती म्हणाली. "मंग त्या दिशी रडलं कोन?"

मग सूप बाजूला ठेवून तिनेच मला समजावलं. "जाऊ दे बाई. गेलेलं गेलं. तू नोकरी नको घालवू. मोठ्या लोकांशी वाद नाय घालायचा."

आक्का भिंतीला टेकून बसली होती. बाळ गेल्यापासून ती फारसं बोलत नव्हती. तिने विचारलं, "बारसं नव्हतं झालं त्याचं. बिननावाचं मोजत्यात का?"

"मोजतात," मी म्हणाले. "त्या रकान्याला नाव लागत नाही."

"मंग लिही."

पिशवीत कोरे फॉर्म होते. मी एक काढला. हजारो वेळा ज्यांच्या उत्तरांना आकडे दिले ते प्रश्न मी उभ्या जन्मात एकाही माणसाला तोंडाने विचारले नव्हते.

"मुलं किती झाली?"

"दोन."

"किती राहिली?"

आक्काने मान वर केली. "तुला ठाव नाय?"

"ठाऊक आहे. पण विचारावं लागतं."

मग ती म्हणाली, "एक." मी लिहिलं. आईने तोंड फिरवलं. पाणी कुठलं, ते मी न विचारता लिहिलं, कारण मला तिचा आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक आमच्या तालुक्याचा पक्का तक्ता. त्याखाली "तयार करणार" म्हणून माझी सही व्हायची होती. दुसरा माझी पुढच्या तीन महिन्यांची ऑर्डर. त्यावर साहेबांची सही व्हायची होती.

"आधी तू कर," ते म्हणाले. "मग मी करतो."

इकडे आड, तिकडे विहीर. मी आक्काचा फॉर्म पुढे केला. त्यांनी हात लावला नाही, लांबूनच वाचला.

"हा कुणाच्या हुकमाने भरला? आपल्याच घरचा फॉर्म आपणच भरायचा, याला पाहणी म्हणतात?"

बोलणं नियमाला धरून होतं. नियम त्यांना तेवढ्यापुरते आठवायचे.

"मग दुसऱ्या कुणाला पाठवा, साहेब. नाहीतर तुम्ही चला. आम्ही चहा नाही ठेवणार."

वसंतरावांची मान खाली गेली. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला. "सही कर," ते एवढंच म्हणाले.

मी पेन घेतलं. भीती वाटत होती, बापाचा खोकला कानात वाजत होता. तक्त्याखाली मी लिहिलं, "बेरीज बरोबर आहे. तक्ता खोटा आहे. यात बंद दाखवलेलं माझं घर उघडं होतं, आणि माझ्या बहिणीचं नऊ दिवसांचं मूल आदल्या दिवशी वारलं होतं." खाली सही केली. नाव, बापाचं नाव, आडनाव. एरवी मी आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर लिहायचे, कुणी जात ओळखू नये म्हणून. त्या दिवशी सबंध लिहिलं.

मालतीबाईंनी दुसऱ्या दिवशी तोच तक्ता नव्या कागदावर उतरवला आणि त्यांनीच सही केली. माझी ऑर्डर निघाली नाही. अहवाल छापून आला. आमच्या गावाचं आरोग्य त्यात ठणठणीत होतं, म्हणून उपकेंद्र दुसरीकडे गेलं. आई माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. आक्का सासरी गेली. बापाने खोकत खोकत आणखी दोन वर्षं कोळसा उपसला. बापाला ते माझ्या सहीमुळे करावं लागलं, आणि त्याचं ओझं मी कुणाच्या गळ्यात घालत नाही.

लोक म्हणतात, आता तरी आकड्यांचा नाद सोड. का सोडू? आकड्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. एका घरात मूल मेलं तर लोक म्हणतात नशीब. शंभर घरांतलं मोजून समोर ठेवलं तर कुणाला तरी जाब द्यावा लागतो. म्हणूनच आम्हाला मोजत नाहीत. मी आता शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी वस्त्यावस्त्यांतून हिंडते. उंबऱ्यावर बसते. किती झाली, किती राहिली, विचारते आणि लिहिते. हे काम मला कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी सांगितलं म्हणून मी थांबणारही नाही. कधीतरी या पाहणीवाल्यांना हे आकडे लागतील, तेव्हा माझ्याकडे माणूस पाठवतील. त्याला मी कागद देणार नाही. त्याला माझ्याबरोबर चालत यावं लागेल, दारात उभं राहावं लागेल आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघून विचारावं लागेल, किती राहिली?