फवारणीच्या पुस्तिकेतल्या चौकटी

जाफराबादला आमच्या शेतकरी कंपनीचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक कॉम्प्युटर आणि मी. बियाण्यांचा साठा, सभेची पत्रं, हजेरी, सगळं माझ्याकडे. दरवर्षी पेरणीनंतर सभासदांना कपाशीची एक पुस्तिका वाटतात, तीही मीच टाईप करते.

आधीच्या पुस्तिकेत सूचनांची दशा वाईट होती. कुठे चांदण्यांची ओळ, कुठे लग्नपत्रिकेसारखी वेलबुट्टी, कुठे नुसती ठळक अक्षरं. वाचणाऱ्याने नक्की कुठे थांबायचं ते कळत नसे. यंदा मी ठरवलं, चौकटी तीनच. ‘थांबा’ लाल काठाची, ‘करा’ हिरव्या, ‘विचारा’ निळ्या. काठ किती जाड, आत किती मोकळी जागा, मथळा केवढा, हे एकदाच पक्कं केलं, प्रत्येकीला नाव दिलं आणि साठवून ठेवली. पुढे हवी तिथे नाव निवडायचं, चौकट तयार येते, आपण फक्त मजकूर भरायचा.

खरं तर ‘थांबा’ मी धाकट्या भावासाठी केली होती. तो केदारखेड्याला शेती करतो. त्याने दोन औषधं एकाच पंपात मिसळून वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारली होती. दवाखान्यातून जिवंत परत आला, पण नजर अधू झाली. चौकटीत काय लिहू, हे मी त्यालाच विचारलं.

“लांबलचक नको लिहू ताई,” तो म्हणाला. “विचारल्याबिगर दोन औषधं एका पंपात मिसळू नका. बस. अन् मोठ्या अक्षरात. बारीक लिहिलेलं तर डब्यावर बी असतंय.”

त्याचं वाक्य मी तसंच भरलं. फवारणीच्या प्रत्येक पानावर.

छापखाना जालन्याचा. तिथे अजून जुनाच फॉन्ट चालतो, म्हणून त्यांनी माझा सगळा मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये बदलून घेतला. बदलणाऱ्या प्रोग्रामने साधा मजकूर उचलला आणि चौकटींच्या आतला सोडून दिला. सगळ्या चौकटी एकाच साच्यातल्या, त्यामुळे सगळ्या एकदमच रिकाम्या झाल्या. चांदण्यांच्या ओळीखाली निदान शब्द तरी उरले असते.

प्रूफ मला दाखवा, असं मी छापखान्याला लिहून दिलं होतं. त्यांनी ते आमच्या अध्यक्षांच्या मोबाईलवर पाठवलं. अध्यक्षांनी चालत्या गाडीतून अंगठ्याची खूण पाठवून दिली.

गठ्ठे आले तेव्हा मी वरची प्रत उघडली आणि लगेच छापखान्याला फोन लावला.

“चौकटी मोकळ्या दिसल्या मॅडम,” तिकडचा माणूस म्हणाला. “मला वाटलं, नंबर-बिंबर लिहायला जागा सोडली असंल.”

मी अध्यक्षांपुढे पुस्तिका ठेवली. परत छापायचं नाव काढताच त्यांनी हात जोडले. मग मी दुसरा मार्ग सांगितला. चौकट माझ्याकडे तयार आहे, मजकुरासकट स्टिकरच्या कागदावर इथेच छापू, मी बसून चिकटवते.

“अन् ठिगळं लावलेलं पुस्तक पाहुण्यांच्या हातात द्यायचं?” ते म्हणाले. “उद्या वाटपाला लोकं येऊन राह्यले. असू द्या मॅडम. दिसायला लई भारी झालंय.”

वाटप झालं. फोटो निघाले.

मी एक प्रत भावाकडे नेली. हल्ली तो पान नाकाशी धरून वाचतो. वरून खाली बोट फिरवत आला आणि लाल काठापाशी थांबला.

“ताई, यात काही न्हाई.”

काय झालं ते मी सांगितलं.

“मंग तसंच वाटलं?”

“हो.”

“सगळ्याला?”

“सगळ्यांना.”

त्याने पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. त्याची बायको आतून म्हणाली, “आता तर फवारण्या चालूच झाल्या की हो वन्सं.” मी चहा न घेताच निघाले. त्या आठवड्यात वाटेवरच्या गावांत जो भेटेल त्याला मी ते वाक्य तोंडी सांगत सुटले. लोक मान हलवत. एकाने तर पुस्तिका काढून दाखवली. लाल चौकटीत त्याने ट्रॅक्टरवाल्याचा नंबर लिहिला होता.

दिवाळीनंतर अध्यक्षांनी बोलावलं.

“पुस्तक लोकांना आवडलं बरं का. त्या मोकळ्या चौकटी लई कामाच्या झाल्या. पुढच्या साली जरा जास्त टाका.”

“आणि औषधांची सूचना, साहेब?”

“टाका ना, मागच्या पानावर. दुकानांच्या जाहिराती झाल्यावर जागा उरली तर बिलकुल टाका.”

मी खुर्चीवर येऊन बसले आणि फाईल उघडली. रिकामी चौकट बनवायला काहीच कष्ट पडत नाहीत. ‘थांबा’ उघडली, भावाचं वाक्य पुसलं, मथळा पुसला, लाल काठ करडा केला. साठवताना नाव विचारलं तेव्हा ‘नोंद’ असं टाईप केलं.