देवाने नेलं नाही

माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला मोठी बहीण उमरेडहून सकाळच्या बसने आली. ते पारशी होते. त्यांच्या रीतीप्रमाणे समोरच्या खोलीत काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून लावलेला दिवा दहा दिवस तेवत ठेवला होता. मागे भिंतीवर त्यांच्या प्रेषिताची तसबीर. ताईने पिशवीतून डबा काढला, वाटीत शिरा घेतला, तसबिरीपुढे ठेवून भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटून बसली.

“ताई, ते देव नाहीत. प्रेषित आहेत.”

“मंग देव कुठं आहे? हा दिवा?”

“दिवाही नाही. दिव्याकडे तोंड करून प्रार्थना करतात, एवढंच. देवाला रूप नाही.”

“म्हंजे जेवतबी नाही? बिचारा!”

मला हसू आलं, दहा दिवसांत पहिल्यांदा. माहेरी थंडीत बाळकृष्णाला लोकरीचं टोपडं असायचं, मी विणलेलं. लग्नानंतर हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, “माप कसं घेतलंस?”

मग ताईने माझा हात धरला. “देवाले आवडले असतीन जावई. म्हणून नेले वं.”

येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता आणि मी मान हलवत होते. तेव्हा हलवली नाही. ज्या देवाला थंडी वाजते, त्याला माणूसही हवासा वाटणार. माझ्या नवऱ्याचा देव, अहुर मज्द, तसा नव्हता. तो फक्त चांगलंच निर्माण करतो. रोग आणि मरण हे त्याच्या शत्रूचं काम, आणि माणसाने देवाच्या बाजूने लढायचं, असं ते मानत. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातही ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. मी मात्र त्यांना न सांगता कोराडीच्या देवीला नवस बोलून आले होते.

“देवाने नेलं नाही, ताई. मरणाने नेलं. या खेपेला देव हरला.”

“असं बोलू नाही वं. पाप लागते.”

“लागू दे.”

निघताना ताई शिऱ्याची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, “त्याले भूक नसन तर तू खाय.”

मी तिथेच बसून सगळा शिरा खाल्ला. रीतीप्रमाणे त्या दिवशी पेल्यातलं तेल संपू द्यायचं होतं. मी आणखी घातलं.