तानुबाईंनी मागितलेलं यंत्र

तानुबाई औषधाच्या कारखान्यात लागल्या ते त्रेसष्ट साल होतं. तेव्हा पिंपरी म्हणजे रेल्वे फाटकाच्या दोन्ही अंगांना ज्वारीची रानं आणि त्या रानांतूनच उठलेल्या कारखान्यांच्या भिंती. कुरुळीची ही बावीस वर्षांची बाई, मराठी चौथी पास, नवऱ्यामागोमाग इथं आली आणि इंजेक्शनच्या बाटल्या तपासायला बसली.

काम दिसायला सोपं. समोर दिवा, दिव्यामागं अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी. बोटाएवढी बाटली उजेडात धरायची, हलकेच उलटी करायची आणि आतल्या पांढऱ्या भुकटीत काळा कण आहे का, काचेला तडा आहे का, टोपण घट्ट बसलंय का, ते बघायचं. चांगली बाटली उजव्या ट्रेमध्ये, खराब डाव्या ट्रेमध्ये. मधूनमधून सुपरवायझर सगळ्या बायांना पाच मिनिटं डोळे मिटून बसवायचा, म्हणजे नजर थकायला नको. शेजारच्या बाकावरची शालनबाई पिंपळे सौदागरची, तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "घरी ताटातलं शीत बी मी आता उजेडाला धरून बघती. मालक म्हणत्यात, बाई खुळी झाली."

तानुबाईंच्या हातून खराब बाटली सुटत नसे. वर्षभरात बाटलीवरच्या चिठ्ठीतली इंग्रजी अक्षरंही त्या ओळखायला लागल्या. त्यांच्या वडिलांना कागद वाचून घ्यायला गावातल्या कारकुनाच्या ओसरीखाली, उन्हात, तासन्‌तास उभं राहावं लागलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. छप्पन साली आईबापांनी धम्म घेतला आणि त्यानंतर घरात एकच बोलणं चाले, शिका. त्यांना स्वतःला चौथीपुढं जाता आलं नाही, पण ते बोलणं डोक्यात पक्कं बसलं होतं.

अडुसष्टच्या भादव्यात त्यांची धाकटी बहीण चिमाबाई आजारी पडली. तिला कुरुळीतच दिली होती. ताप आला, डोकं फुटायला लागलं. आठवड्यातून दोनदा गावात येणाऱ्या कंपाउंडरनं हिवतापाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी मान ताठ झाली, उजेड सोसेना, बाई असंबद्ध बडबडू लागली. कुणी म्हणालं अंगात आलंय, कुणी म्हणालं उतरेल आपोआप. चौथ्या दिवशी निरोप पोचला तशा तानुबाई धावल्या. जीप मिळवून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मेंदूचा ताप आहे. दोन दिवस आधी आणलं असतं तर बहुतेक वाचल्या असत्या."

"कशानं वाचली असती, डाक्टर?"

"इंजेक्शनं आहेत ना त्यावर. पेनिसिलीन."

तो शब्द तानुबाई रोज बाटल्यांवर हजारदा वाचत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमाबाई गेली.

पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून त्या कामावर आल्या. पहिली बाटली उजेडात धरली आणि हात तिथंच थांबला. कुरुळी इथून आठ-नऊ मैल. औषध इथं ढिगानं तयार होत होतं. रस्ता होता, एसटी होती. नव्हतं ते एवढंच, की पहिल्या दिवशी चिमाच्या उशाशी बसून "हा तसला ताप नव्हे, हा निराळा" असं सांगणारं माणूस.

कारखान्याच्या दवाखान्यात सोजरबाई नावाच्या नर्स होत्या. तानुबाईंनी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा पिच्छा पुरवला. तो ताप कसा ओळखायचा, मान वाकवून कशी बघायची, सगळं विचारून घेतलं. सोजरबाईंनी हौसेनं शिकवलं. पुढं चौऱ्याहत्तर साली त्यांच्या चाळीतला कोंडीराम असाच तापानं फणफणला, तेव्हा तानुबाईंनी त्याची मान बघितली आणि त्याच पावली रिक्षात घालून त्याला दवाखान्यात पाठवला. कोंडीराम वाचला. त्याच्या आईनं येऊन साडीचोळी केली. चाळीत नाव झालं. पण दोनच महिन्यांनी समोरच्या खोलीतली बाळंतीण पिवळी पडत गेली, आणि लोक मोठ्या आशेनं तानुबाईंना बोलवायला आले, तेव्हा त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

"मला एकच ताप वळखता येतो," त्या नवऱ्याला, खंडूला म्हणाल्या. "बाकीचं शंभर आजार कोण वळखणार?"

"अगं, त्याला डाक्टर व्हावं लागतं."

"मग डाक्टर किती हायत? आन् आपल्या गावाला येणार किती?"

खंडू त्याच्या कारखान्यातल्या भट्टीवरून दमून आला होता. "ते मला न्हाई सांगता यायचं," म्हणून त्यानं ताट पुढं ओढलं.

एकोणऐंशी साली कारखान्यात बाटल्या तपासणारं यंत्र आलं. परदेशातून, लाकडी पेटाऱ्यांतून. ते बसवायला पेठे नावाचे इंजिनिअर होते, पुण्याचे, तिशीतले, चष्मा सतत नाकावरून घसरणारे. यंत्रात बाटली गरगर फिरे, तिच्यावर उजेड पडे आणि खराब असली की एक दांडी तिला बाजूला ढकली. अख्खं खातं भिंतीशी उभं राहून बघत होतं. चाळीस बायांचं काम ते एकटं करणार, हे कुणी सांगायची गरजच नव्हती.

तानुबाईंना पेठ्यांनी मुद्दाम बोलावलं, कारण यंत्रानं बाजूला काढलेल्या बाटल्या खरोखर खराब आहेत का, ते तपासायला खात्रीची नजर हवी होती. दुसऱ्या दिवशी तानुबाईंनी विचारलं, "साहेब, ह्याला कण कळतो. मग माणसाकडं बघून ताप कोणता, ते कळंल का?"

पेठे हसले. "नाही हो. याला फक्त बाटली कळते. ताप सोडा, दुसऱ्या आकाराची बाटली दिली तरी पुन्हा सगळं जुळवावं लागेल."

"मग असं यंत्र न्हाई का, ज्याला एकच काम न्हाई, कुठलंबी शिकवलं तर कळंल? माणसागत?"

पेठ्यांनी चष्मा वर केला. हा प्रश्न त्यांना परदेशातल्या ट्रेनिंगमध्येही कुणी विचारला नव्हता. "तिकडं काही लोक त्याच्या मागं आहेत," ते म्हणाले. "कॉम्प्युटर नावाचं यंत्र असतं, त्याला विचार करायला शिकवायचं म्हणतात. कुणी म्हणतं वीस वर्षांत होईल, कुणी म्हणतं कधीच होणार नाही."

"मग करा की ते. हे बाटलीचं कशाला करत बसलाय?"

"बाई, त्यात धोकाही आहे. ते माणसापेक्षा हुशार झालं आणि आपलं ऐकेनासं झालं तर?"

तानुबाईंनी हातातली बाटली ट्रेमध्ये ठेवली. हे त्यांच्या मनात आलं नव्हतं, आणि त्यांनी ते उडवूनही लावलं नाही. मग त्या म्हणाल्या, "भ्या हाय खरं. त्याला काय शिकवायचं, ते कोण ठरवणार, त्यावर हाय सगळं. तिथं निस्ते तुमच्यातलेच लोक बसले तर मला बी भ्या वाटंल. आमच्यातलं बी कुणी बसवा. पण भ्या हाय म्हणून करूच नका, असं मी न्हाई म्हणणार. आत्ता बी माणसं मरत्यातच की. ती कुणाला दिसत न्हाईत, एवढंच."

पेठे यंत्राचं झाकण उघडून आत बघत राहिले.

आठवड्यानं पहिली शिफ्ट सुटल्यावर दुपारी गेटसभा झाली. युनियनचे पुढारी सोपानराव, पिंपळे सौदागरचेच, जुन्या शेतकरी घराण्यातले, सरळ माणूस. ते म्हणाले, "आधी जमीन गेली, बदल्यात काम मिळालं. आता कामबी जाणार असंल तर आमी खायाचं काय? हे यंत्र चालू देणार न्हाई." टाळ्या पडल्या. शालनबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता, तीन लेकरं तिच्या एकटीच्या पगारावर होती. तिनं तानुबाईंना कोपरानं ढोसलं. "तू बोल गं. तुझं ऐकत्यात."

तानुबाई उभ्या राहिल्या. "एकीलाबी काढायचं न्हाई, हे सोपानराव म्हणत्यात ते खरं हाय. त्यासाठी मी बी गेटवर बसंन. पण यंत्र नगं, असं मी म्हणणार न्हाई. माझी भन औषधावाचून न्हाई मेली, वळखणाऱ्यावाचून मेली. आज ह्याला कण कळतो, उद्या ताप कळंल. अक्कल आजवर थोड्या घरांत कोंडून ठेवली हुती. ती यंत्रात आली तर कुरुळीला बी येईल, आन् दारात उभं करून ते कुणाला जात इचारणार न्हाई. म्हणून मी म्हणते, असलं यंत्र मागा, आन् ते चालवायला आमाला शिकवा, हे बी मागा."

मागून कुणीतरी ओरडलं, "साहेबाची बाई!" दोघंचौघं हसले. सोपानरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. "तानुबाई," ते म्हणाले, "जात इचारणार न्हाई, कबूल. पण त्याचा मालक कोण असंल? तो इचारंल ना?"

"मग भांडण मालकाशी करू, सोपानराव. यंत्राशी कशाला?"

शालनबाई तिथून निघून गेली. त्या दिवसापासून तिनं तानुबाईंशी बोलणं टाकलं. कारखान्यातल्या पाण्याच्या नळावर समोर आली तरी तांब्या भरून मान फिरवून जायची. सोळा वर्षं शेजारी बसलेली बाई. तानुबाईंना ते फार लागलं. आपण चुकलो का, असं त्या खंडूला दोनतीनदा म्हणाल्या. नाही चुकलो, असंही त्यांनीच म्हटलं.

चार महिने बोलणी चालली. शेवटी करार झाला, तो सोपानरावांच्या चिकाटीनं: यंत्र चालेल, एकाही बाईला काढायचं नाही, सगळ्यांना दुसऱ्या खात्यांत सामावून घ्यायचं. आणि सोपानरावांनी स्वतःहून एक कलम घातलं, की आठ बायांना यंत्राचं काम शिकवायचं. ते कलम वाचताना त्यांनी तानुबाईंकडं बघितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

पेठ्यांनी जेवणानंतरचा एक तास वर्ग घ्यायला सुरुवात केली. उजेड कसा मोजतात, यंत्र कुठं चुकतं, चांगल्या बाटलीला खराब का म्हणतं. तानुबाई वहीत चित्रं काढून घेत. हळूहळू यंत्राची चूक त्या आवाजावरून सांगू लागल्या. पेठ्यांना त्या दर महिन्याला विचारत, "तिकडचं ते दुसरं यंत्र कुठवर आलं?" पेठे कधी एखाद्या मासिकात वाचलेलं सांगत: बुद्धिबळ खेळतं म्हणे, कुठं आजाराच्या खुणा विचारून रोगाचं नाव सांगायचा प्रयोग चाललाय म्हणे. "रोगाचं नाव?" तानुबाईंनी ते दोनदा सांगायला लावलं. "पण एकाच जातीच्या रोगांचं," पेठे म्हणाले. "मग अजून न्हाई झालं," तानुबाई म्हणाल्या.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात वर्गाची दुसरी तुकडी बसली, तिच्यात शालनबाईचं नाव होतं. तानुबाई आता पेठ्यांच्या मदतीला वर्गात बसत. पॅकिंग खात्यात उभं राहून तिचे पाय सुजायला लागले होते. पहिल्या दिवशी ती मागं बसली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन तानुबाईंच्या बाकावर आली आणि काही न बोलता एका चित्रावर बोट ठेवलं. तानुबाईंनी ते समजावून सांगितलं. शालनबाईनं दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके.

मग वही मिटत ती म्हणाली, "तुझं ते ताप वळखणारं यंत्र खरंच व्हईल का गं?"

"मला काय ठावं. आपल्या हयातीत व्हईल असं वाटत न्हाई."

"मग एवढं भांडलीस कशापायी?"

"कुणी मागितलंच न्हाई तर ते करतील कुणासाठी?"

"तरी बी तू आधी मला सांगाय हवं हुतंस," शालनबाई म्हणाली. "सगळ्यांसमोर उठून बोललीस."

"व्हय," तानुबाई म्हणाल्या. "ते चुकलं माझं."

पेठे आत आले, तशा दोघी आपापल्या वह्या उघडून बसल्या.