पावणेतीन क्रेट आणि आगळाची बाटली

चांगला हापूस डझनावर जातो आणि बारीक, डागी फळ कॅनिंगला, किलोवर. त्यासाठी आमच्या बागेत एक मोठा काटा आहे. मे महिन्यात कारखान्याचा टेम्पो आला, क्रेट तोलून झाले, की शेवटी मी माझ्या लेकीला त्या काट्यावर उभं करायचो आणि वजन ओरडून सांगायचो. किलोत नव्हे, वीस किलोच्या क्रेटमध्ये. "दीड क्रेट!" मग कधीतरी, "दोन क्रेट आणि वर चार फळं!" हमाल टाळ्या वाजवायचे, तिला आंबापोळी मिळायची. कलमाला घातलेलं खत फळात दिसतं, तसं पोरीला घातलेलं तूप पोरीत दिसायला हवं, ही माझी बागायतदारी अक्कल. अकराव्या वर्षी ती पावणेतीन क्रेट भरली. त्या वर्षी ती हसली नाही, असं बायको नंतर म्हणाली. मला कुठून दिसणार? मी ओरडण्यात गुंतलो होतो.

ऑगस्टमध्ये शाळेच्या तपासणीतून चिठ्ठी आली. रक्तदाब वयाच्या मानाने जास्त, डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब ही आमच्याकडे आजोबांची खासगी मालमत्ता. नातीच्या दप्तरात तो कसा शिरला?

"मशीन बिघडलं असेल," मी तज्ज्ञासारखं सांगितलं. "शाळेतले पंखे तरी कुठे धड चालतात!"

"पंख्याचं राहू द्या. तुम्ही उद्या तिला घेऊन जाताय," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या दंडाला लहान मुलांचा पट्टा गुंडाळून पाहिला. पुरेना. मग मोठ्यांचा आणवला. खरं सांगतो, क्षणभर माझी छाती फुगली. आकडा दिसल्यावर बाईंच्या कपाळाला आठी पडली. थोडा वेळ शांत बसवून त्यांनी पुन्हा पाहिला. तेच. मग वजन करायला सांगितलं, तर लेक जागची हलेना.

"आधी बाबांना बाहेर जायला सांगा," ती म्हणाली.

मी बाहेर गेलो. म्हटलं, लाजते डॉक्टरांना.

आत बोलावून बाईंनी समजावलं, "या वयात वजन असं वाढलं की रक्तदाबही वाढतो. त्रास काही जाणवत नाही, म्हणून कुणी बघत नाही. अजून दोनदा मोजू. खाणं सुधारा, चालवा. तरी उतरला नाही, तर गोळीचा विचार करावा लागेल."

स्कूटरवर मागून आवाज आला, "बाबा, आजोबांसारखी गोळी? रोज? कायमची?"

"छे गो! महिन्याभरात उतरवतो की नाही बघ."

उतरवायचं खातं मी स्वतःकडे घेतलं. खारी, वेफर्स, फरसाण घराबाहेर. आमटीतलं मीठ निम्मं. आणि या सगळ्यावर माझा हुकमी एक्का म्हणजे रातांब्याचं आगळ, कोकमाचा घट्ट रस. घरचं, लालभडक, पित्तावर रामबाण. पित्तावर चालतं ते रक्तदाबावर का चालू नये? हा शोध संपूर्णपणे माझा. सकाळी ग्लास, दुपारी ग्लास, शाळेच्या बाटलीतही तेच.

"बाबा, खारट लागतं."

"औषध आहे ते. नाक धर नि पी."

महिन्याने गेलो. आकडा खाली यायचा सोडून दोन पायऱ्या वर. बाईंनी विचारलं, घरी काय काय देता? मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. पिशवीतून त्यांच्यासाठी आणलेली बाटली काढून टेबलावर ठेवली.

"आगळ. घरचं. दोन वर्षांचं आहे डॉक्टर, पण थेंब बिघडलेला नाही!"

"कशामुळे बिघडत नाही?"

"अहो, आमच्याकडे मीठ घालायला हात सढळ..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. लेक माझ्याकडे बघत होती.

"मी सांगत होते," ती म्हणाली.

आमटीतून चिमूटभर काढून मी बाटलीतून मूठभर पाजत होतो.

बाईंनी मला ओरडण्याऐवजी विचारलं, "हिला चालायला कोण नेतं?"

"तिची ती जाते की... कधी कधी."

"तुम्ही न्या."

मग भाट्याच्या किनाऱ्यावर आमची वरात निघू लागली. रोज, शाळा सुटल्यावर. पहिल्या दिवशी ती दमली. मी मात्र मुळीच दमलो नाही, फक्त सुरूच्या झाडाखाली बसून समुद्र बघत राहिलो. आठवड्याभरात ती पुढे जायची, माघारी येऊन मला उठवायची, पुन्हा पुढे जायची. म्हणजे तिचं चालणं दुप्पट व्हायचं. हे माझं योगदान.

अशाच एका फेरीत वाळूकडे बघत ती म्हणाली, "गोळीचं मला एवढं नाही वाटत. तुम्ही काट्यावर ओरडता ना, त्याचं वाटतं. हमालांतल्या एकाची मुलगी माझ्या वर्गात आहे. ती मला पावणेतीन म्हणते. सगळेच म्हणतात."

त्या फेरीत मी एकदाही सुरूखाली बसलो नाही.

तिसऱ्या खेपेला आकडा उतरला. पुरता नाही. "गोळी आत्ता नको," बाई म्हणाल्या, "पण चालणं सोडू नका, तीन महिन्यांनी पुन्हा या." लेकीने बाहेर येईपर्यंत माझा हात धरून ठेवला होता.

मे आला, टेम्पो आला. क्रेट तोलून झाल्यावर एक हमाल हसत म्हणाला, "भाऊ, यंदा बाय किती क्रेट?"

लेक पडवीच्या खांबाशी उभी होती. ती आत पळाली असती, पण मी आधीच चपला काढल्या होत्या. काट्यावर चढलो आणि म्हटलं, "वाच गो."

ती सावकाश पुढे आली. वाकून नीट आकडा पाहिला. मग आख्ख्या बागेला ऐकू जाईल असं ओरडली,

"साडेचार क्रेट! कारखानेवाले घ्यायचे नाहीत हो, फार पिकलाय!"